गोठ्यातल्या डब्या

“आमची डबी गेली!” सुरभी धापा टाकत पायलच्या अंगणात शिरली.

“पाय फुटले का तिले?” पायलशेजारी बसलेला संघर्ष खिदळला.

“मस्करी नको करू! आजी म्हणते, विक्कीदादानं काढून नेली!”

पायल चमकली. दिवाळीच्या सुट्या लागल्या, तेव्हा कॉलेजातल्या शीला मॅडमनी राजूरजवळच्या या गावात घरोघरी त्या प्लास्टिकच्या डब्या टांगायला दिल्या होत्या. जमिनीतून रेडॉन नावाचा वायू झिरपतो. दिसत नाही, वासही येत नाही. बंद घरात तो साठला आणि वर्षानुवर्षं छातीत गेला, तर फुप्फुसांना धोका. डबीतल्या फिल्मवरून त्याचं प्रमाण कळतं. पण डबी हिवाळाभर जागची हलता कामा नये!

रोज घरोघरी फिरून डब्यांवर देखरेख करायचं काम विक्कीकडे होतं. पायलचा हा चुलतभाऊ. तिला विहिरीत पोहायला त्यानंच शिकवलेलं. तो म्हणेल ते पायलला खरं वाटायचं.

“असंल काही कारण,” ती म्हणाली.

“मंग बाकीची घरं पाहू न!” संघर्ष उठलाच.

आज कापूस वेचणीला सुटी, सगळी घरं उघडी. घरोघरी नुसते खिळे! डबी राहिली होती ती फक्त पायलच्या घरी. खरेदी केंद्र उघडलं नव्हतं, म्हणून तिथं खोलीभर कापूस रचलेला. त्यावरून सरपटत जाऊन पायलनंच ती टांगली होती.

शेवटी तिघं विक्कीच्या गोठ्यापाशी आले. वाऱ्यावर, एकाच दोरीला, सगळ्या डब्या झुलत होत्या!

पायल एकेक डबी मोजू लागली.

“मॅडम आज डब्या पाहाले येऊन राह्यल्या,” सुरभी कुजबुजली. “त्याच्या आत तो परत टांगंन!”

“टांगू देतो का मी!” संघर्ष बसथांब्याकडे सुसाट पळाला आणि मॅडमना थेट गोठ्यात घेऊन आला. विक्की दोरी सोडतच होता! मागून पायलचे बाबा बबनराव आणि गावातली बरीच माणसं जमली.

“पोट्ट्यांनी खेळायले आणल्या, मॅडम!” विक्की म्हणाला. त्यानं सरळ पायलकडे बोट दाखवलं. “हे पाहा, हिचंच काम!”

“पायल, तू?” बबनराव गरजले.

पायलचे डोळे भरून आले. दादा? तिचा दादा?

“बाबा, मी आणल्या असत्या तर आपली डबी पहिले आणली असती न!” ती ओरडली. “तीच तेवढी घरी हाय! कापसावरून सरपटायचा कंटाळा कोणाले आला, इचारा!”

“माह्या समोर यानंच काढली!” सुरभीची आजी तुळसाबाई पुढे झाली.

विक्कीची मान खाली गेली. “लोक दिवसभर वेचणीले. घरं बंद. रोज कोण चकरा मारंन? हवा तर एकच हाय न!”

“मोकळ्या गोठ्यातली आणि कापसानं खिडक्या बुजलेल्या खोलीतली?” मॅडम कडाडल्या. “या डब्यांनी खोटंच सांगितलं असतं, गाव सुखरूप आहे म्हणून!”

घरोघरी नव्या डब्या लागल्या. हिवाळा सरल्यावर पायलच्या घरातला रेडॉन धोक्याच्या पातळीच्या वर निघाला, आणखी काही घरांतलाही. खिडक्या मोकळ्या झाल्या, जमिनीच्या भेगा सिमेंटनं बुजल्या. चावडीवर मॅडमनी तिघांची पाठ थोपटली. “माही वाघीण!” बबनराव म्हणाले.

विक्की बाजूला उभा होता. “पायल, माफ कर न.”

“डब्या हलवल्या, ते माफ,” ती म्हणाली. “पण माह्याकडे बोट दाखवलं न तू... ते नाई. आत्ताच नाई.”