न्हावऱ्याची करपलेली हिरवळ

कोंडिबा आबा दौंडला खासगी तपास करणाऱ्या अपेक्षा जगतापच्या ऑफिसात आले, तेव्हा त्यांच्या हातात मातीसकट उपटलेला हिरवळीचा तुकडा होता. पार करपलेला.

“मीच मारली म्हंत्यात. आता मलाबी तसंच वाटाया लागलंय. तेवढं खरं-खोटं करा, ताई.”

बुटके, वाकलेले आबा न्हावऱ्याच्या एका लग्नाच्या लॉनवर आठ वर्षं माळी होते. गवतावर बुरशीचे गोल डाग पडले की ते ट्रायकोडर्मा फवारत. बुरशी खाणारी ही बुरशी ते घरच्या पिंपात शेण-गुळावर वाढवत, विरजणासारखी जुन्यातून नवी. यंदा फवारल्यावर दहा दिवसांत सगळी हिरवळ जळाली. मालकानं पाव्हण्यांदेखत त्यांना हाकललं. माळ्याचं नाव घ्यायला मालकांना फार वेळ लागत नाही.

“त्या दिवशी काही वेगळं वाटलं?”

“फवारायचा पंप लॉनवरच ठेवायचो. त्यो जड लागला. म्हटलं, वय झालं. आन् पट्टे लोंबत हुते, ते आवळले.”

अपेक्षाच्या जोडीला मच्छिंद्रमामा असत, रेल्वेतले निवृत्त गार्ड. लॉनवर पोचताच त्यांनी निकाल दिला, “रोग बळावला. दुसरं काय?”

“मग गवताचा रोग या आंबुशीच्या तणाला कसा झाला, मामा?”

मामांनी वाकून पाहिलं. गवतातली आंबुशीही मुळापासून वाळली होती. पार्किंगच्या फरशांमधलं तणही तसंच.

“ते मी मारलं,” सहा फुटी मालक सत्यजीत म्हणाला. “म्हाताऱ्यानं फवारलं त्याच्या आदल्या दिवशी. तणनाशक हुतं.”

“पंप कुणाचा?”

“जालिंदरचा आणला हुता.”

जालिंदर औषधं विकणारा. दुकानाच्या काउंटरमागून त्याचं नुसतं डोकं दिसायचं.

“आबांच्या पिंपामुळं माझं औषध खपत न्हाई, हे खरं हाय. पण माझा पंप दिवाळीपासनं दुरुस्तीला पडलाय.”

“यानंच मारली,” बाहेर येऊन मामा कुजबुजले.

संध्याकाळी अपेक्षानं सगळ्यांना लॉनवर बोलावलं आणि आबांना पंप पाठीवर घ्यायला लावला.

“पट्टे लोंबत होते, म्हणजे पंप आधी उंच माणसाच्या पाठीवर होता. जालिंदर तर आबांएवढाच. पंप जड लागला, कारण तळाशी तणनाशक उरलं होतं. आबांनी त्यावरच आपलं औषध ओतलं. म्हणून गवताबरोबर आंबुशीही गेली. सत्यजीतराव, तुम्ही आबांचाच पंप वापरलात आणि न धुता ठेवलात. ही चूक झाली. पण जालिंदरचं नाव घेतलंत, ती चूक नव्हे, लबाडी.”

सत्यजीतनं बुटाच्या टोकानं करपलेलं गवत उकरलं.

“हिरवळ पिवळी पडली तवाच कळलं हुतं. पाव्हणे समोर उभे हुते. कुणाचं तरी नाव सांगायचं हुतं.” मग तो आबांकडं वळला. “जाऊ द्या, आबा. उद्यापासून या. पिंपातलं औषध आणा, परत लावू हिरवळ.”

आबांनी पंप उतरवून खाली ठेवला.

“पिंप परवाच ओढ्यात ओतलं,” ते म्हणाले. “म्हटलं, माझ्याच औषधाचं इख झालं.”