अर्ध्या तासाचा अंधार

मोबाईल खिशात ठेवा आधी. ज्याला शेकायचं आहे त्यानं दोन काड्या टाकाव्या, आणि ज्याला हसायचं आहे त्यानं आताच हसून घ्यावं, मध्येच नको. वीरेंद्र माझ्या पाहण्यातला माणूस आहे. फुलचूरला राहतो. खोटं वाटत असेल तर उद्या जाऊन विचारा, फक्त त्याच्या बायकोसमोर विचारू नका.

हा वीरेंद्र शाळाशाळांत फिरतं तारांगण घेऊन जातो. गाडीतून कापडी घुमट काढायचा, पंखा लावून फुगवायचा, पोरं रांगत आत शिरली की प्रोजेक्टरनं छतावर आकाश दाखवायचं. बोलणं गोड. शनीची कडी दाखवताना असा रंगात येतो की स्वतःचं जेवण विसरतो. चांगला माणूस आहे, पण दिलेला शब्द त्याच्या ध्यानात राहत नाही. सारं तिथूनच झालं.

तारीख अठरा डिसेंबर, सन पंचवीस, गुरुवार. चिचगडच्या अलीकडे एक गाव आहे, नाव सांगत नाही. दिवसभर शाळेत घुमटाचे खेळ झाले. संध्याकाळी दुर्बीण लावून खरं आकाश दाखवायचं ठरलं. त्यासाठी अंधार पाहिजे. शाळेचे दुधराम गुरुजी लाईनमनला बोलले, अर्धा तास डीपीवरून सगळ्या गावाची वीज बंद ठेव म्हणून. गाव राजी झालं. एक जमुनाबाई तेवढी राजी होईना.

जमुनाबाईच्या अंगणात बांबूवर एक बल्ब आहे. अंधार पडला की लागतो, तो उजाडेपर्यंत. तिचा नवरा यादोराव अकरा वर्षांपूर्वी रात्री धान राखायला, जागलीला गेला, तो परत आला नाही. माणूसही सापडला नाही आणि चप्पलही नाही. तेव्हापासून तो बल्ब. वीज गेली तर ती कंदील टांगते.

वीरेंद्र स्वतः तिच्या दारी गेला. "आजी, फक्त अर्धा तास. तुम्ही पण चला, पोरांसोबत बघा."

"आठच्या आत लावशीन ना, बाबू?"

"आठच्या आत. माझा शब्द."

म्हातारी त्याच्या भरवशावर शाळेच्या पायरीवर येऊन बसली. साडेसातला डीपी बंद झाली. अमावस्या दोन दिवसांवर, चांदण्या अशा उतरल्या की पोरं गप्पच झाली. शनीची कडी यंदा सुईसारखी बारीक, पोरांना काही मजा वाटली नाही. वीरेंद्रला ते लागलं. तेवढ्यात पूर्वेच्या मोहाच्या झाडांवर गुरू वर आला. त्याचे चार चंद्र दाखवल्याशिवाय पोरांना घरी पाठवायचं त्याच्या जिवावर आलं.

"झालं काय, बाबू?" पायरीवरून जमुनाबाई.

"बस पाच मिनिट, आजी."

आठ वाजले. सव्वाआठ. "बाबू, काऊन उशीर करून राहिला?" "पाच मिनिट." रांग संपत नव्हती. साडेआठच्या सुमारास वीरेंद्र दुर्बिणीवर वाकून गुरूला भिंगात आणत होता, तेव्हा मागून कोणी खोकललं. मोठ्या माणसाचा, दमलेला खोकला.

"बाबू, घर कोनीकडे राहिलं? आज दिवाच दिसून नाही राहिला."

वीरेंद्रनं मान वर केली नाही. कोणीतरी म्हातारा अंधारात गोंधळला, एवढंच त्याला वाटलं. गावात त्या वेळी एकच उजेड होता, त्याच्या गाडीतला लाल लाईट. तो म्हणाला, "बाबाजी, तो लाल दिवा दिसतो ना, ती माझी गाडी. बसा तिच्यात. मी सोडून देतो घरी."

आणि विसरला.

नऊला दहा कमी असताना वीज आली. जमुनाबाई भराभर घराकडे गेली. वीरेंद्रनं सामान भरलं, जेवण केलं, दहा वाजता एकटाच निघाला.

देवरीच्या अलीकडे जंगल लागलं आणि गाडीत टिंग टिंग सुरू झालं. बाजूच्या सीटवर माणूस बसला आणि पट्टा लावला नाही की वाजतं, ते. सीट रिकामी होती. वीरेंद्रनं हात फिरवून पाहिला. काही नाही. आवाज थांबेना. पाच किलोमीटर. दहा. शेवटी त्यानं गाडी उभी केली, आणि रिकाम्या सीटवरून पट्टा ओढून लावला.

आवाज थांबला.

फुलचूरपर्यंत त्यानं डावीकडे पाहिलं नाही.

सकाळी गुरुजींच्या फोनवरून जमुनाबाई बोलली. "बाबू, काल रातच्याले तुले कोनी भेटलं का?"

"काऊन, आजी?"

"ते रोज येतेत. साडेआठले. दिसत नाहीत, अंगणात खोकलतेत. ओट्यावर पानी ठेवलं रायते, सकाळी लोटा रिकामा. अकरा वर्सं एक दिवस खंड नाही. काल नाही आले."

बघा, आम्ही सारे समजत होतो की म्हातारी वाट पाहते. ती वाट पाहत नव्हती. तिचा संसार चालू होता.

वीरेंद्रला तेव्हाच सांगता आलं असतं. माफी मागून गाडी परत नेता आली असती. पण तो भ्याला. "नाही, आजी. कोणीच नाही भेटलं," म्हणाला आणि फोन ठेवला. त्याची मला अजून चीड येते, आणि तुमच्या-माझ्यापैकी कोणी वेगळं केलं असतं असंही छातीवर हात ठेवून सांगवत नाही.

शुक्रवारची रात्र. एक वाजून दहा मिनिटं. बायको, निशा, उठून बसली.

"अहो… बाहेर कोणी आहे."

वीरेंद्र जागाच होता.

खोकला. फाटकापाशी.

मग ओट्यावर.

"जमुना… पानी दे ना."

निशानं त्याचा दंड धरला. तो हलला नाही.

दारावर बोटं फिरल्याचा आवाज. कडी शोधत असल्यासारखा. आपल्या घराची कडी जिथं असते, तिथं ती लागत नव्हती…

"बाबू… सोडून देतो म्हनलं होतं ना तू…"

वीरेंद्रनं तोंडावर हात दाबला.

मग घराच्या आतून आवाज आला.

टक.

मागच्या खोलीतून. ती खोली वीरेंद्रच्या वडिलांची, चुन्नीलालजींची. दोन वर्षांपूर्वी ते गेले. त्या दिवसापासून खोलीला कुलूप.

टक… टक.

काठी. पलंगाजवळून सरकली. थांबली. वीरेंद्रच्या उशाशी थोडी जास्तच थांबली, असं तो सांगतो. डोळे उघडायची हिंमत झाली नाही. आता त्याला त्याचंच जास्त दुःख आहे.

टक… टक…

पुढच्या दाराची खिट्टी सरकली.

बाहेर खोकला. आत काठी. मग दोन्ही बाहेर. रस्त्याकडे. दूर…

सकाळी दार आतून उघडं होतं. मागच्या खोलीचं कुलूप जसंच्या तसं. ते काढून आत बघायची दोघांचीही छाती झाली नाही.

शनिवार गेला. रविवारी रात्री पावणेनऊला गुरुजींचा फोन. जमुनाबाई बोलत होती, आणि हसत होती की रडत, ते कळत नव्हतं. "आले, बाबू. आत्ताच आले."

सोमवारी वीरेंद्र गाडी घेऊन गेला. म्हातारीच्या पायावर डोकं ठेवलं, सारं सांगितलं. तिनं रागावावं म्हणून तो थांबला. ती रागावली नाही.

"एकटे नाही आले," ती म्हणाली. "संगं कोनी म्हातारा मानूस होता. काठीचा आवाज येत होता. मी दुसरा लोटा भरून ठेवला, तर सकाळी तोही रिकामा. मंग तो कोनीकडे गेला, मालूम नाही." तिनं त्याच्याकडे पाहिलं. "त्याच्या घरी कोनी दिवा लावते का रे, बाबू?"

दोन वर्षं बाप घरातच होता, हे वीरेंद्रला कळलं तेव्हा बाप घरातून निघून गेलेला होता.

ओट्याच्या खांबाला काठी टेकवलेली होती. चुन्नीलालजींचीच, दोन वर्षं त्या कुलपाच्या खोलीत असलेली, मुठीला पितळी तार गुंडाळलेली. वीरेंद्रनं ती उचलली आणि उलटी केली. वडील जायच्या आठ दिवस आधी त्यानं स्वतः बुडाला नवीन रबर बसवलं होतं. वडील त्यानंतर खाटेवरून उठलेच नव्हते.

तिथून फुलचूर ऐंशी-नव्वद किलोमीटर आहे.

रबर पार झिजून गेलं होतं. खालचं लाकूड बाहेर आलं होतं, आणि त्यात रस्त्याची काळी बारीक गिट्टी रुतलेली होती.