काचेवरचा श्वास

दुपारचे तीन वाजले होते. चारला प्रयोगशाळेतली द्रव नायट्रोजनची जुनी टाकी रिकामी करायची होती आणि त्या टाकीत वडिलांनी बनवलेली शेवटची जाळी उरली होती. तांब्याची, टिकलीएवढी. तिच्या बारीक छिद्रांत तेल-पाण्याचं मिश्रण एका क्षणात गोठवून धरलेलं. तेलाचे थेंब पाण्यात वाटेल तसे तरंगत नाहीत, रांगा धरून राहतात, असं वडील बारा वर्षं सांगत आले. "तुमचे थेंब काय कवायत करतात?" म्हणून लोक हसायचे. आता एक फोटो मिळाला, तर त्यांच्या माघारी का होईना, ते खरे ठरणार होते.

मुलीने चिमट्याने जाळी उचलली आणि श्वास रोखला. हे काम असंच करायचं असतं. जाळीवर श्वास पडला, की त्यातल्या दमटपणाचं हिम होऊन सगळं झाकून जातं. शेवटी शेवटी वडिलांना खोकल्यामुळे ते जमेना. दोन जाळ्या वाया गेल्या, तेव्हा ती फटकन बोलून गेली होती, "बाबा, तुम्ही बाहेरच थांबा." ते उठून बाहेर गेले. पुन्हा आलेच नाहीत. महिन्याभरात वारले. ते वाक्य तिला अजून खात होतं.

जाळी सूक्ष्मदर्शकात गेली. यंत्राच्या जाड काचेच्या खिडकीतून म्हातारे ऑपरेटर आतल्या पडद्यावर उमटलेलं तिचं मोठं चित्र बघत होते.

"हिम धरतंय गं. मघाशी नव्हतं. श्वास सोडलास का?"

"नाही, काका."

"मग येतंय कुठून? आतली सगळी हवा तर उपसलीये..."

तीही वाकून बघू लागली. तीन छिद्रं भराभर झाकली. जरा थांबून चौथं, सावकाश. पुन्हा तीन भराभर. ही लय तिला पाठ होती; भिंतीपलीकडून तिने बाबांचा खोकला कितीतरी रात्री असाच ऐकला होता. बघता बघता एकच उघडं छिद्र उरलं.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "चुकलं माझं. बाहेर नका थांबू... या आत."

हिम थांबलं. काकांनी लगेच फोटो घेतला. थेंब रांगेत उभे होते, वडील सांगायचे तसेच. तिला रडू आवरेना.

काका खिडकीची काच पुसू लागले. काचेवर वाफेचा गोल डाग होता.

"पुसला जात नाहीये..."

डाग आतल्या बाजूने होता. तो आक्रसला, पुन्हा पसरला.

"काका, त्यांना आत हवाच नाहीये. सोडा, लवकर..."

त्यांनी कळ दाबली. हवा भरायला दहा मिनिटं लागतात. डाग दर खेपेला थोडा लहान होत चालला होता.