हत्तु म्हणजे दहा

अक्काताई दारात आली तेव्हा नागेंद्रनं तिसरा लाडू उचलला होता. तिनं आपलं नाव सांगितलं आणि तो लाडू त्यानं गुपचूप ताटलीत परत ठेवला.

"सूरजची आई मी, कंग्राळीची. हुडकून काढणाऱ्या बाई त्या तुमीच न्हवं?"

"मीच. बसा," कल्याणी म्हणाली.

बेळगावच्या शहापुरात साड्यांच्या दुकानावर कल्याणीच्या दोन खोल्या होत्या. वीस वर्षं विमा कंपनीसाठी लोकांचे खोटे अपघात उघडे पाडून ती आता स्वतःच्या जबाबदारीवर तेच काम करत होती. पोस्टातून निवृत्त झालेला नागेंद्र तिचा शेजारी आणि मदतनीस. मदत अशी, की त्याचा तर्क पूर्वेला गेला की कल्याणी पश्चिमेला निघायची, आणि बहुतेक वेळा मुक्कामाला पोचायची.

"मार्कंडेयच्या काठावर बाग हाय बगा," अक्काताई सांगू लागली. "थितं त्यो चकत्या फेकायचा खेळ चालतोय. मंगळवारी सकाळी थितला राखणदार मष्णू डोकं फुटून पडलेला गावला. शेजारी माझ्या पोराची चकती. पोलिसांनी दुपारी न्हेलं त्येला, अख्ख्या गल्लीदेखत. दोन राती झाल्या."

"मष्णू काय म्हणतो?"

"त्येला काय आठवत न्हाय. पर पडला तवा बरळत हुता म्हनं, हत्तु, हत्तु. कानडीत हत्तु म्हंजे दहा. सूरजच्या चकतीचा नंबरबी दहाच." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "फॉरेस्टात गार्डची आर्डर आलीया त्येची. उद्या शुक्रवारी पोलिसांची पडताळणी. केस झाली तर संपलं सगळं. सोमवारी मष्णूसंगं त्येची बाचाबाची झालती, हे खरं हाय. पर चकती रविवारीच हरवली म्हनतोय. आनि माझं पोरगं माझ्याशी खोटं बोलत न्हाय, बाई. बोललं तर त्येला उचकी लागती."

नागेंद्रला हसू यायला हवं होतं. ते आलं नाही.

कारण मंगळवारी सकाळी सात वाजता नागेंद्र त्याच बागेत होता.

या खेळाविषयी बेळगावात काय काय सांगतात, त्यातलं निम्मं धरलं तरी पुष्कळ होतं. एकाची चकती म्हणे वाऱ्यावर गेली ती कडोलीच्या बटाट्यात उगवली. दुसऱ्याची घारीनं पळवली आणि आठवड्यानं नापसंत म्हणून परत आणून टाकली. खरं एवढंच, की नदीकाठानं नऊ ठिकाणी लोखंडी खांबांवर साखळ्या लावलेल्या टोपल्या आहेत आणि ताटाएवढी चकती लांबून फेकून, कमीत कमी फेकीत, त्या साखळ्यांत अडकवायची. एकसष्टाव्या वर्षी नागेंद्रला त्याचं वेड लागलं होतं. कल्याणी थट्टा करील म्हणून तो चोरून एकटाच जायचा. त्याची नारिंगी चकती भावाच्या नातवाच्या खेळण्यांतून आणलेली होती.

मंगळवारी सातव्या टोपलीसाठी त्यानं बांबूच्या बेटावरून चकती सोडली होती. पलीकडचं काही दिसत नव्हतं. हातातून सुटली न सुटली तोच पलीकडून धप्प असा आवाज आला, मग कुणाचंतरी कण्हणं. नागेंद्र पळाला. साठी उलटलेला माणूस इतका पळू शकतो हे त्यालाही त्या दिवशी कळलं.

तेव्हापासून त्यानं तोंड उघडलं नव्हतं. आधी वाटलं, मुका मार असेल. मग सूरजला धरल्याचं कळलं, आणि तोंड उघडणं दर तासाला आणखी कठीण होत गेलं.

"चला अण्णा," कल्याणी चप्पल घालत म्हणाली. "एवढे गप्प का? लाडू कडू होता काय?"

दवाखान्यात मष्णू डोक्याला फडकं बांधून पडला होता. उशाशी त्याची बायको बाळाबाई. डॉक्टरीणबाई त्याच्यापुढं बोटं धरून मोजायला सांगत होत्या.

"एक, दोन, तीन," मष्णू दमल्या आवाजात म्हणाला. "चार न्हायती. तीनच हायती."

"शुद्धीत हायती," बाळाबाई म्हणाली. "पर मंगळवार पुसला गेलाय डोस्क्यातनं. खानापुराकडची मानसं आमी, बाई. तीस वर्सं हितं काढली, साऱ्यांसंगं कानडी बोलत्यात, पर मोजायचं झालं की मराठी. दुकानात बिल कानडीत झालं तरी घरला येऊन पुन्ना मराठीत मोजत्यात."

कल्याणीनं मष्णूचे हात उलटे करून पाहिले. दोन्ही तळवे आणि पोटऱ्यांच्या आतल्या बाजू खरचटलेल्या होत्या.

"पडताना हात टेकले असतील," नागेंद्र घाईनं म्हणाला.

"पोटऱ्याही टेकल्या काय?"

"वहाना तेवढ्या थितंच ऱ्हायल्यात," बाळाबाई म्हणाली. "पायात न्हवत्या. नव्या कोऱ्या हायत्या, बगा गावल्या तर."

मष्णूनं नागेंद्रकडं पाहून ओळखीचं हसल्यासारखं केलं. नागेंद्र भिंतीवरचं लसीकरणाचं पत्रक वाचू लागला. ते त्यानं तीनदा वाचलं.

बागेकडं जाणारी बस सुटायच्या बेतात होती. "हत्तरी, हत्तरी, लौकर हत्तरी," कंडक्टर दारातून ओरडत होता, आणि पाटीवाल्या बाया, कॉलेजची पोरं, नागेंद्र, सगळे मुकाट्यानं चढले.

बागेचं फाटक नेहमीसारखं अडलं. नागेंद्रनं ते जरासं उचलून ढकललं, तसं निमूट उघडलं. आत तीन भाषांत फलक होता: 'झाडात अडकलेली चकती बांबूनेच काढावी. कामगारांना झाडावर चढवू नये.'

"मागच्या वर्षी एक माळी पडून कमरेतून गेला," मागून एक आवाज आला. "तेव्हापासून हा नियम."

बोलणारी ऋतिका, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारी. मष्णू पडलेला पाहणाऱ्यांत ती होती.

"साडेसातला आले मी," ती चालता चालता सांगू लागली. "सातव्या टोपलीपाशी विक्रम मष्णूमामांचं डोकं मांडीवर घेऊन पाणी पाजत होता. विक्रम आमच्या मंडळाचा सचिव. तोही तेव्हाच आला होता म्हणे. मामा हत्तु हत्तु करत होते, आणि शेजारी चकती. दहाचा आकडा मला लांबूनच दिसला."

"आकडा चकतीच्या वरच्या अंगाला लिहिता?"

"नाही, खालच्या. वर लिहिला तर घासून जातो."

"वहाणा दिसल्या?"

"हो, जांभळीखाली होत्या. जोडीनं, नीट ठेवलेल्या." ती थांबली. "सूरज तापट आहे. पण मारेल असं वाटत नाही."

"हरवलेल्या चकत्या सापडल्या तर?"

"त्या फाटकाजवळच्या टपरीतल्या पेटीत. किल्ली विक्रमकडं." तिनं हाक मारली, "शामण्णा, स्वल्प इल्ली बर्री." पांढऱ्या मिशांचा माळी शामू आला, आणि पेटी मंगळवारपासून उघडलेली नाही एवढंच सांगून गेला.

कल्याणीनं ऋतिकाला बांबूच्या अलीकडून एक फेक करून दाखवायला सांगितली. ऋतिकानं अंगाला पीळ देऊन चकती सोडली. ती बेटावर चढली, नदीकडं झुकली आणि डावीकडं वळत दिसेनाशी झाली.

"एक, दोन, तीन, चार," कल्याणीनं मोजलं. मग पलीकडं साखळ्या खळखळल्या.

"छान," ती म्हणाली आणि नागेंद्रकडं वळली. "जमेल काय अण्णा तुम्हाला?"

"छे. माझं काय काम?" नागेंद्र म्हणाला. एकदा वाटलं, आत्ताच सांगून टाकावं. पण समोर ऋतिका होती, मागून कुणीतरी येत होतं, आणि भित्र्या माणसाला कारण लागतं, ते मिळालं.

येणारा माणूस विक्रम होता. चाळिशीचा, पांढरे बूट.

"विचारा काय ते," तो म्हणाला. "ए शामू, चहा तगोंड बा." वडिलांच्या वयाचा शामू चहा आणायला निघाला.

"तुम्ही खेळत नाही आज?"

"मूड नाही. चकती घरी आहे."

"निळी? तू तर झोपतानाही उशाला घेतोस," ऋतिका म्हणाली. विक्रमनं फक्त खांदे उडवले.

"मष्णूशी तुम्ही कुठल्या भाषेत बोलता?"

"मराठीत. काम सांगायचं तर कन्नडात. त्याशिवाय ही माणसं ऐकत नाहीत." तो जरा पुढं झुकला. "हे बघा बाई, सूरजनं मुद्दाम मारली असं मी म्हणत नाही. चुकून लागली असेल. मोठी चूक नाही ही."

चुकून. नागेंद्र बांबूच्या बेटाकडं पाहू लागला.

कल्याणीनं बाजूला जाऊन चौकीला फोन लावला. अर्ध्या तासात हवालदार मोटारसायकलवरून आले. सगळे सातव्या टोपलीशेजारच्या जांभळीखाली जमले. वहाणा अजून तिथंच होत्या, नव्या कोऱ्या.

"मष्णूला कुणीही मारलं नाही," कल्याणीनं सुरुवात केली. "तो पडला. या झाडावरून."

"कशावरून?" हवालदारांनी विचारलं.

"चकती लागून कोसळणारा माणूस आधी वहाणा काढून जोडीनं ठेवत नाही. झाडावर चढणारा ठेवतो. तळवे आणि पोटऱ्या आतून खरचटतात त्या खोडाला मिठी मारूनच."

"पण तो दहा म्हणाला," विक्रम म्हणाला.

"आपण सगळ्यांनी दहा ऐकलं. इथं प्रत्येकाला दोन भाषा येतात, त्याचा हा तोटा. मष्णू जन्मात कधी कन्नडात मोजत नाही. डोकं फुटल्यावरही आज सकाळी एक, दोन, तीन असंच मोजत होता. मग दहा एवढाच कन्नडातून कसा आला? हत्तु म्हणजे दहा, आणि हत्तु म्हणजे चढ. बसचा कंडक्टर ओरडतो ना, हत्तरी, हत्तरी? तो काय दहा दहा म्हणतो? शुद्ध हरपताना मष्णूच्या कानात शेवटचा शब्द होता तोच तो बरळत होता. त्याला कुणीतरी म्हणालं, चढ."

खाली नदीच्या बंधाऱ्यावरून पाणी पडत होतं.

"आता कंडक्टर परक्या पोरालाही मानानं हत्तरी म्हणतो. साठीच्या मष्णूला एकेरीत हत्तु कोण म्हणेल? ऋतिका माळ्याला बर्री म्हणते, म्हणजे 'या'. विक्रम, तुम्ही त्याच माळ्याला बा म्हणालात, म्हणजे 'ये'."

"बोलायची सवय आहे माझी. त्यानं काय सिद्ध होतं?"

"त्यानं नाही. चकतीनं होतं. उडून आलेली चकती सहसा पालथ्या वाटीसारखी पडते, आकडा जमिनीकडं. ही उताणी होती, लांबून वाचता यावी अशी. ती ठेवलेली होती. सूरजची चकती रविवारी हरवली, म्हणजे तुमच्या पेटीत आली. मष्णू हत्तु बरळायला लागला आणि तुम्ही घाबरलात. कुणी ऐकलं तर तुमचा हुकूम उघडा पडणार, नियम मोडला म्हणून सचिवपद जाणार, वर पोलीस. मग तुम्ही त्या शब्दाला दुसरा अर्थ आणून दिलात. पेटीतून दहा नंबर काढलात."

"आणि निळी चकती?" ऋतिकानं हळूच विचारलं.

कल्याणीनं वर बोट केलं. जांभळीच्या उंच बेचक्यात, पानांच्या आड, निळ्या रंगाची एक कड दिसत होती. शामूनं बांबू आणला, चार वेळा टोचलं, आणि चकती खाली आली. तिच्या खालच्या अंगावर विक्रमचं नाव होतं.

विक्रमनं ती उचलून नावाची बाजू खाली केली.

"मी त्याला पाणी पाजलं," तो म्हणाला. "दवाखान्याची गाडी मीच बोलावली. पळून तर गेलो नाही."

हे त्यानं कल्याणीला सांगितलं, पण लागलं नागेंद्रला.

हवालदार विक्रमला घेऊन गेले. जाण्यापूर्वी त्यांनी चौकीवर फोन करून सूरजला सोडायला सांगितलं. स्टॉपवर कल्याणी आणि नागेंद्र दोघंच उरले.

"अण्णा," ती म्हणाली, "तुमच्या चकतीचा रंग कुठला?"

नागेंद्रनं रस्त्याकडं पाहिलं. "नारिंगी. कधी कळलं?"

"पहिल्यांदाच येणारा माणूस ते फाटक उचलून ढकलत नाही. आणि मष्णूनं तुम्हाला ओळख दाखवली."

मग त्यानं सगळं सांगितलं. बेट, धप्प, पळणं.

"आवाज कधी आला?"

"सुटली न सुटली तोच."

"पलीकडं पोचायला चकतीला चार मोजेपर्यंत वेळ लागतो. तुम्ही ऐकलंत ते मष्णूचं पडणं. तुमची चकती नदीत गेली असेल. तुम्ही कुणाला मारलं नाही, अण्णा."

आता छातीवरचा दगड उतरेल असं नागेंद्रला वाटलं होतं. दगड जागचा हलला नाही.

"हेच मी मंगळवारी सांगितलं असतं तर?"

"तर तेव्हा फेकणारे तुम्ही होता, सूरज नव्हता, हे मंगळवारीच कळलं असतं. आकाशातून पडल्यासारखा धप्प आवाजही कळला असता." तिनं आवाज चढवला नाही. "दोन रात्री वाचल्या असत्या त्याच्या."

"तुम्ही सांगाल काय अक्काताईला?"

"मला तिनं तिच्या पोराला सोडवायला सांगितलं. ते झालं. उरलं ते माझं काम नाही."

शहापूरची बस आली. कल्याणी चढली. नागेंद्र चढला नाही. तो कंग्राळीच्या वाटेला लागला.

अक्काताईच्या दारात चहाच्या रिकाम्या कपांचा ढीग होता, सगळी गल्ली येऊन गेली होती. तिनं त्याला पाहताच चुलीवर चहाचं आधण टाकलं.

"या अण्णा, या. देवासारखं आलासा."

"चहा नको, आक्का. आधी ऐका."

तो उभ्यानंच बोलला. काही गाळलं नाही, पळण्याचं तर मुळीच नाही. अक्काताईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. आधण शांत झालं.

ती म्हणाली, "दोन राती तुमास्नी झोप लागली?"

"नाही."

"त्यालाबी न्हाय. आत्ता कुठं डोळा लागलाय." तिनं आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं आणि उंबऱ्याकडं बोट केलं. "बसा हितं. त्यो उठला की त्येला सांगा. माफी द्यायचं माझ्या हातात न्हाय, ते त्येच्या हातात हाय."

नागेंद्र उंबऱ्यावर बसला. आतून सूरजच्या घोरण्याचा आवाज येत होता, आणि तो कधी थांबेल याची नागेंद्रला भीती वाटत होती.