न दिसणारे हिरवे बटण

समोर बसलेल्या माणसाने चहाचा कप उचलताना कपाकडे पाहिले नाही. त्याने कपाच्या डावीकडे, वीतभर अंतरावरच्या रिकाम्या लाकडाकडे पाहिले, आणि हात मात्र बरोबर कपाच्या कानावर गेला. कप खाली ठेवतानाही तसेच. नजर एकीकडे, बशी दुसरीकडे.

भाऊंना वाटले, माणूस थकला आहे. त्यात नवल नव्हते. त्या खोलीत ताजेतवाने असे कुणीच नव्हते. अक्काचा गुडघा सकाळपासून ठणकत होता आणि भाऊंचे जेवण राहिले होते. अक्का ही भाऊंची थोरली बहीण. विज्ञान शिकली, काही वर्षे ते शिकवले, आणि मग खाजगी तपासाचा हा उद्योग मांडून बसली. शाळेतल्या चित्रकलेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून भाऊ तिच्याबरोबर फिरत. डोके तिचे, पिशवी यांची.

“बोला,” अक्का म्हणाली.

पाहुणे पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेचे प्रमुख होते.

“मुलींच्या वसतिगृहाच्या टाकीचं पाणी आमच्याकडे तपासायला आलं. त्यात जंतू निघाले. तरीही ‘पिण्यास योग्य’ असा अहवाल गेला. पोरी आजारी पडल्या. एक अजून दवाखान्यात आहे.”

“आणि दोष कुणाचा?”

“अहवालावर नाव माझ्या सुनेचं आहे. तीच आमची मुख्य केमिस्ट. उद्या चौकशी समिती येतेय. ठपका बसला तर तिचा सही करायचा अधिकार जाईल. मग हे काम तिला कुठेच करता येणार नाही. मला त्याआधी खरं काय ते कळायला हवं.”

“खरं कुठलंही निघालं तरी चालेल?”

त्यांनी अक्काच्या कानाकडे पाहत उत्तर दिले, “चालेल.”

प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर होती आणि लिफ्ट बंद. अक्का दर पायरीला आपल्या गुडघ्याशी काहीतरी पुटपुटत होती. वर प्रमुखांचा पुतण्या भेटला. कार्यालय तोच सांभाळायचा. तयार अहवाल छापून पाठवणे त्याच्याकडे.

“वाईट वाटतं बोलायला,” तो म्हणाला, आणि अजिबात वाईट न वाटल्यासारखा बोलत सुटला. “पण हे वहिनीचंच काम. आमचं सगळं आता संगणकावर आहे. दर नमुन्याचं एक पान. जंतूंचा आकडा मर्यादेबाहेर गेला की नियमानं हिरवं ‘मंजूर’ बटण गायब. लाल पट्टी येते आणि ‘रोखा’ एवढंच बटण उरतं. मग मंजूर झालं कसं? आधी खोटा आकडा भरला, हिरवं बटण आलं, ते दाबलं, नंतर खरा आकडा भरून ठेवला. दुसरा रस्ताच नाही.”

“असं कशाला करतील त्या?”

“काम तुंबलं होतं ना. त्या दिवशी सगळे अहवाल एका झटक्यात माझ्या डोक्यावर आदळले. एरवी दिवसभर एकेक ठिबकत येतात. छापून छापून प्रिंटर तापला माझा.”

“सगळे वहिनींचेच?”

“छे, तिन्ही केमिस्टांचे. सरसकट.”

“वहिनी गेल्या तर त्यांच्या जागी कोण?” भाऊंनी मध्येच तोंड घातले.

पुतण्या हसला. “काकांच्या जागी कोण, ते विचारा. दर वर्षी म्हणतात, यंदा खुर्ची सोडतो. आता खुर्चीचाही विश्वास उडालाय. केबिनमधला पडदा बघा, सिनेमागृहात शोभेल एवढा. अक्षरं दुकानाच्या पाटीएवढी. जायचं असतं तर माणूस एवढा थाट करतो होय?”

तो गेल्यावर भाऊ कुजबुजले, “हाच.”

“का रे?”

“खुर्चीवर डोळा आहे त्याचा.”

“खुर्चीवर डोळा असला म्हणून बोट बटणावर जात नाही, भाऊ. चल.”

सूनबाई आतल्या खोलीत उंच टेबलापाशी काचेच्या ताटल्या मोजत होत्या. ताटलीत जंतूंची वाढ ठिपक्यांसारखी दिसते. दर ठिपक्यावर त्या काचेच्या मागून पेनाने खूण करत होत्या. हातातली ताटली संपेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

“वसतिगृहाचा नमुना आठवतो?” अक्काने विचारले.

“आठवतो. निळ्या झाकणाची बाटली, झाकण जरा तिरकं बसलेलं. दोन ताटल्या लावल्या. दुसरीत कडेला दोन ठिपके एकमेकांना चिकटून वाढले होते, म्हणून पुन्हा मोजले.”

“मग?”

“आकडा पानावर भरला.”

“लाल पट्टी आली?”

“आली असेल.”

“मग काय दाबलंत?”

“आठवत नाही.” त्यांनी ताटलीवर झाकण ठेवले. “मंजूर मीच केलं असेल. नाव माझं आहे ना? तसंच लिहा तुम्ही.”

“पण हिरवं बटण तर गेलेलं होतं.”

“आकडा बदलला असेन.”

तेवढ्यात दारात प्रमुख आले. वाटेत एक स्टूल होते. बोलता बोलताच, तिकडे न पाहता, सूनबाईंनी ते पायाने टेबलाखाली सरकवले. प्रमुख सरळ चालत आले, “हवं ते दाखव त्यांना,” म्हणाले आणि सरळ परत गेले.

“तुमच्या नमुन्याचं पान आणखी कुणाला उघडता येतं?” अक्काने विचारले.

“कुणाला नाही.” एवढे उत्तर मात्र प्रश्न पुरता संपायच्या आत आले.

बाहेर आल्यावर भाऊंनी सुस्कारा सोडला. “कबूल झाली बिचारी. संपलं. जेवायला जाऊ या?”

“तिरकं झाकण आठवतं आणि बटण आठवत नाही,” अक्का म्हणाली. “जेवण थांबेल थोडं.”

तिसरा माणूस होता ही संगणकावरची पाने जोडून देणारा. दिसेल तिथे ठिगळ लावून काम चालते करणारा, म्हणून त्याला सगळे ठिगळे म्हणत. तोही आता हाक आल्यावर ओ द्यायचा. त्याने आपला लॅपटॉप उघडला. पडद्याच्या एका बाजूला खोकी, बटणे, पट्ट्या मांडून ठेवलेल्या. हवे ते उचलायचे, ओढून पानावर आणून टाकायचे. मग त्याला नियम लावायचा: असे झाले तर हे दाखव, तसे झाले तर ते लपव. भाऊंना हे फार आवडले. शाळेत पोरांकडून रंगीत कागदांची चिकटचित्रे करून घेत, त्यातलाच प्रकार वाटला.

“आकडा मागाहून बदलला तर कळतं का?” अक्काने विचारले.

“कळतं ना. जुना आकडा खाली फिकट अक्षरांत तसाच राहतो. मलासुद्धा पुसता येत नाही.”

“वसतिगृहाचं पान दाखवा.”

त्याने दाखवले. आकडा एकच. त्याखाली पांढरी जागा.

“केमिस्टला कुणाचे नमुने दिसतात?”

“फक्त स्वतःचे.”

“आणि अहवालावर नाव कोण लिहितं?”

“कुणी नाही, नियमच लिहितो. नमुना मंजूर झाला की तो ज्यानं नोंदवला असेल त्याचं नाव खोक्यात आपोआप बसतं. तेवढंच टायपिंग वाचतं.”

“मंजूर कुणीही केला तरी?”

ठिगळेने मान खाजवली. “तसंच म्हणायचं.”

“बरं. रोखलेला नमुना पुढे कुठे जातो?”

“सरांकडे. सर संबंधितांना फोन करतात, पाणी बंद करायला लावतात. केमिस्टचं काम ‘रोखा’ दाबलं की संपलं.”

“आता शेवटचं. हिरवं बटण लपवणारा तो नियम तुम्ही कशाला लावलाय? नमुन्याला की बटणाला?”

ठिगळे पाण्याची बाटली शोधू लागला. ती समोरच होती.

“बटणाला,” तो म्हणाला. “केमिस्टच्या पानावरच्या बटणाला.”

“म्हणजे काय?” भाऊंनी विचारले.

पण अक्का गुडघ्यावर हात देऊन उठली होती. “मी दमलेय. केबिनमध्ये बसू. सगळ्यांना बोलवा, एकदाच सांगते.”

केबिनमध्ये तो भला मोठा पडदा होता आणि प्रमुखांची खुर्ची त्याला जवळजवळ नाक लागेल इतकी पुढे ओढलेली. पुतण्या दाराला टेकून उभा राहिला. सूनबाई बसल्या नाहीत. ठिगळे कोपऱ्यात.

“आधी आकडा,” अक्का म्हणाली. “तो बदलला असता तर जुना आकडा खाली उरला असता. तो नाही. म्हणजे आकडा पहिल्यापासून खराच होता. मग केमिस्टच्या पानावर हिरवं बटण कधी आलंच नाही, आणि जे आलं नाही ते दाबणार कसं?”

“पण नाव तर वहिनीचंच आहे,” पुतण्या म्हणाला.

“नाव नियमानं बसतं. नमुना नोंदवला कुणी, एवढंच ते सांगतं. मंजूर कुणी केला, याबद्दल ते मुकं आहे.”

“मी सांगितलं ना, मीच केलं,” सूनबाई म्हणाल्या.

“सांगितलंत. कसं ते मात्र सांगता आलं नाही. तुम्ही ‘रोखा’ दाबलंत. ते तुम्हाला बाटलीच्या झाकणाइतकंच स्वच्छ आठवतंय.” अक्काने पुतण्याकडे पाहिले. “त्या दिवशी तिन्ही केमिस्टांचे अहवाल एका झटक्यात आले, हे तुम्हीच म्हणालात. केमिस्टला दुसऱ्याचे नमुने दिसतसुद्धा नाहीत. मग हे कुणाच्या हातून गेले? तिघांचे उरलेले नमुने आणि रोखलेलेही जिथे एकत्र जमतात, अशा एखाद्या पानावरून.”

पुतण्या दारापासून सरळ झाला. भाऊंची नजर हळूहळू त्या मोठ्या पडद्याकडे गेली.

“ठिगळे, ते पान तुम्ही केव्हा केलंत?”

ठिगळेने हातातला लॅपटॉप मिटला. “मागच्या महिन्यात. सरांनी घाईनं मागितलं. अक्षरं मोठी, खोकी मोजकी, खाली एकच हिरवं बटण, ‘सगळे पुढे पाठवा’. कुणाला बोलू नको म्हणाले. मी बटण नवं टाकलं, पण त्याला नियम लावायचा राहिला, लाल पट्टीही टाकायची राहिली. आपलं लक्षच गेलं नाही. तिकडे लावला होता, म्हटलं झालं.”

“दाराला कुलूप घातलंत आणि मागची भिंत उघडी ठेवलीत,” अक्का म्हणाली. “नियम नमुन्याला लावला असता, तर तो कुठल्याही पानावरून अडला असता. बटणाला लावला, म्हणून तेवढं एकच बटण राखलं गेलं.”

भाऊंना आता कळले, आणि कळल्याचा आनंद झाला नाही. “पण आकडा तर या पानावरही असेल ना? तो वाचला नाही का कुणी?”

“असतो. पानाच्या मधोमध.” अक्का आवाज उतरवून म्हणाली, “साहेब, मधलं दिसेनासं होऊन किती दिवस झाले? कडेकडेचं दिसतं, म्हणून तुम्ही वस्तूच्या बाजूला पाहता. माझ्याकडे कप उचललात तेव्हाही. सूनबाई तुमच्या वाटेतलं स्टूल सरकवतात, तेही न बघता. म्हणजे सवय जुनी आहे. त्यांना माहीत आहे.”

खाली रस्त्यावर एक गाडी मागे घेताना ओरडत राहिली आणि मग थांबली.

“मी कधी तक्रार केली का बाबा?” सूनबाई म्हणाल्या. प्रयोगशाळेत त्या त्यांना सर म्हणत. पुतण्याने चमकून पाहिले. “समितीला माझं नाव देऊन टाका. मला दुसरं काहीतरी काम मिळेल. तुम्हाला या वयात हे कशाला?”

“गप्प बस.” मग प्रमुख जरा मऊ झाले. “बस आधी. किती वेळ उभी आहेस.”

त्या बसल्या.

“काम तुंबलं होतं,” ते अक्काला म्हणाले. “मोजून ठेवलेले नमुने पडून होते. वाटलं, आपण मोकळे करू. हिरवं दिसलं, दाबलं. लाल काही नव्हतंच, म्हणजे रोखलेलं काही नसणार असं धरून चाललो. पोरी आजारी पडल्याचं कळलं तेव्हाच माझ्या बटणाचा संशय आला होता.”

“मग मला कशाला बोलावलंत?”

“तुम्ही दुसरं कुणीतरी शोधाल, ही आशा.” ते ओशाळे हसले. “आणि शोधणार नाही, हीसुद्धा. तुमच्याकडे येताना दोन्ही होत्या. डॉक्टरांनी केव्हाच सांगितलंय. घरी सांगू, पुढच्या महिन्यात सांगू, हा हंगाम जाऊ दे, असं करत आलो. माझं ढकलणं त्या पोरींच्या पोटात गेलं.”

“काका, समितीपुढे हे असंच सांगायचं नसतं,” पुतण्या म्हणाला. “जरा शब्द जुळवून—”

“शब्द जुळवायला तू आहेस, ठाऊक आहे मला. ठिगळे, नियम आत्ता नमुन्याला लाव. आत्ता, माझ्यासमोर. आणि माझं पान काढून टाक.”

ठिगळे लॅपटॉप उघडून खाली वाकला. प्रमुखांनी दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर टेकले आणि सावकाश उठले. सूनबाई आधाराला पुढे झाल्या, पण प्रमुखांनी हात पुढे केला नाही. सुनेच्या खांद्याशेजारच्या भिंतीकडे पाहत, म्हणजे तिच्याचकडे पाहत, ते सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले,

“उद्या समितीपुढे मी बोलेन, नाव माझं घ्या म्हणून. आणि आजपासून मी थांबलो. ही प्रयोगशाळा सूनबाई चालवेल.”