दार नसलेली खोली

ऑफिसच्या दारात आडवी ताणलेली मोजमापाची टेप तिला दिसलीच नाही. पाय अडकला, आणि हातातला पंच केलेल्या कार्डांचा गठ्ठा जमिनीवर पसरला. वर्षभर खपून लिहिलेला तिचा कॉम्प्युटरचा प्रोग्राम होता तो; तेव्हा प्रोग्राम अशा भोकं पाडलेल्या कार्डांवरच असायचे. टेपच्या दुसऱ्या टोकाला नव्या इमारतीचा आर्किटेक्ट उभा होता, ओशाळलेला. धांदरट माणूस, तिने मनाशी ठरवून टाकलं. डोळे मात्र... बरे होते.

तो मुकाट्याने खाली बसून कार्डं लावू लागला. लावता लावता त्याने विचारलं, सात जण मिळून एवढं अवाढव्य काम लिहिताय, तर सगळ्याचा मिळून नकाशा कुठे आहे? तिला हसू आलं. जो तो आपापला भाग लिहितो, शेवटी साहेब जोडतात. तेव्हा सगळीकडे असंच चालायचं.

तो थक्क झाला. "म्हणजे भिंती आधी, घर नंतर?"

त्याची जिरवायला म्हणून तिने त्याच्याच कागदावर चौकोन काढले, कोणाचा भाग कोणाच्या भागाकडे काम पाठवतो त्या रेघा ओढल्या... आणि हात थांबला. तिच्या चौकोनाकडे एकही रेघ येत नव्हती. वर्षभराची मेहनत, आणि तिच्या खोलीला दारच नाही! तिचा भाग कधी चाललाच नसता.

कागद पाहून साहेब मटकन खुर्चीत बसले. जोडणी थांबली, राहिलेली रेघ ओढली गेली, तिचं काम वाचलं. यापुढे आधी नकाशा, मग प्रोग्राम, असं ठरलं आणि ते काम तिच्याच गळ्यात पडलं. त्या कामाला तेव्हा धड नावही नव्हतं. सहकारी तिला 'बिनविटांची आर्किटेक्ट' म्हणून चिडवायचे. तो मात्र नकाशा काढायला शिकवायला रोज यायचा — इमारतीची मापं केव्हाच घेऊन झाली होती तरी.

एके दिवशी त्याने स्वतःच्या घराचा नकाशा तिच्यापुढे ठेवला. तिने सवयीने तपासला आणि हबकलीच. खिडकीशी टेबल असलेल्या खोलीला दार नव्हतं.

"तुम्ही? तुमच्याकडून ही चूक?"

"चूक नाही..." तो चाचरला. "तिथे बसणारीला विचारल्याशिवाय दार कुठे काढू?"

तिची कानशिलं तापली. असं कोणी विचारतं का? मग तिने त्याच्या खिशातली पेन्सिल काढून घेतली, भिंतीची रेघ पुसली आणि दार काढलं. ते त्याच्या खोलीत उघडत होतं.

"माझ्या आईला भेटायला याल ना," ती म्हणाली, "तेव्हा टेप तेवढी आणू नका."