पाटीवरचा हत्ती

बाबांचे डोळे पुरते जाण्याआधी त्यांना रानातला हत्ती दाखवायचा, आणि तोही याच मोसमात, असं थोरलीनं दवाखान्याचा जिना उतरता उतरताच ठरवून टाकलं. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता. दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग पडला होता आणि तो पसरत चालला होता. कडेकडेचं तेवढं अजून दिसत होतं.

"जे बघायचं राहिलंय ते यंदाच बघून घ्या," डॉक्टर म्हणाले होते. "पुढच्या वर्षाचं मी सांगत नाही."

"काय बघायचं राहिलंय, बाबा?" तिनं जिन्यातच विचारलं.

"हत्ती," बाबा म्हणाले. जणू कुणीतरी विचारायची वाटच बघत होते!

बाबा पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, शाळांच्या, गॅरेजांच्या, आणि एका वर्षी तर जंगलखात्याच्या ढीगभर. प्रत्येक पाटीच्या खालच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट आणि तिच्यात एक हत्ती, हीच त्यांची सही. गंमत अशी की या गृहस्थानं रानातला हत्ती जन्मात पाहिला नव्हता. एका जुन्या कॅलेंडरवरच्या हत्तीच्या जिवावर सगळा कारभार चालला होता. "हत्ती केवढा का असेना, चौकटीत बसला पाहिजे," असं ते शिकाऊ पोरांना दरडावून सांगत. "सोंड बाहेर गेली की गिऱ्हाईक पाटी तोंडावर मारतं."

थोरली त्यांचीच लेक. ती बसच्या डेपोत वेळापत्रकं आखायची आणि एखादी बस चौकटीबाहेर गेली की तिचं डोकं फिरायचं. त्यामुळे सहलीची आखणी तिनं हातात घेतली तेव्हा स्वयंपाकघरातल्या टेबलावर जेवायला जागा उरली नाही. जिकडे तिकडे नकाशे!

पहिलं उद्यान सगळ्यांच्या तोंडी होतं. तिनं तिथल्या हॉटेलात फोन लावला. "तुमच्याकडे हत्ती किती जवळून दिसतो?"

"मॅडम, आमच्याकडे पोहायचा तलाव आहे," पलीकडून उत्तर आलं. "तंबूत गार हवा आहे. बाथरूममध्ये टब आहे."

"टबात हत्ती येतो का?" मावशी ओट्याकडून ओरडली. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. सगळा जन्म ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स म्हणून काढलेला. आई गेल्यापासून ती याच घरात राहत होती आणि घरालाही थिएटरसारखंच वागवत होती.

दुसरं उद्यान म्हणजे मोकळा माळ. प्राणी भरपूर, पण सगळे दुर्बिणीतून बघायचे. बाबांना दुर्बीण काय कामाची? तिच्यातून जे काही दिसेल ते नेमकं त्या डागावर पडणार! बाबांना चेहरा बघायचा तर कानाकडे बघावं लागायचं. शेजाऱ्यांना वाटायचं, म्हातारा रागावला. तेव्हा हत्ती हवा तो जवळचा, उजेडातला आणि घाई नसलेला. थोरलीनं फोनवर फोन केले. लोक हसले, वैतागले, एकानं फोन आपटला. ती हटली नाही.

शेवटी तिसरं उद्यान सापडलं. लहानसं, आडबाजूचं. नदीच्या उंच काठावर जुना सरकारी बंगला होता. तिथल्या चौकीदाराला तिनं तोच प्रश्न विचारला.

"दिसतात म्हणजे काय, बाई!" तो म्हणाला. "दुपारचे पाण्यावरच असतात. परवा वाळत घातलेली चादर नेली एकानं. खोली मात्र एकच मोकळी आहे, तीही शेवटच्या दोन दिवसांपुरती. मग पाऊस लागला की उद्यान बंद. ते पुढच्या वर्षीच उघडायचं."

पुढचं वर्ष तर डॉक्टरांनी कबूलच केलं नव्हतं. थोरलीनं खोली घेतली.

उद्यानाच्या फाटकावर पोचल्या पोचल्या वनरक्षकबाईंनी भाड्याच्या जीपमध्ये डोकं घातलं. "अंधाराआधी बंगल्यावर पोचायचं. वाटेत मोबाईल लागणार नाही. आणि काहीही झालं तरी गाडीतून उतरायचं नाही. कळलं?"

"कळलं," थोरली, बाबा आणि मावशी तिघं शाळेतल्या मुलांसारखी एका सुरात म्हणाली.

रान उन्हानं करपून गेलं होतं. पानगळ झालेल्या झाडांमधून लांबवरचं दिसत होतं, वाटेवरची धूळ जीपच्या मागे उठून बराच वेळ तशीच तरंगत राहत होती, आणि मधूनच एखादं हरीण मान वर करून, "या उन्हात तुम्हाला कुणी बोलावलं?" अशा नजरेनं बघत होतं. मावशीनं थर्मासमधला चहा फिरवला. बाबा खिडकीला गाल लावून, नजर आभाळाकडे ठेवून, झाडं बघत होते.

मग रस्त्याला फाटा फुटला. नकाशा म्हणत होता, उजवीकडे. थोरलीनं स्टिअरिंग वळवलंही.

"थांब!" बाबा ओरडले.

फाट्यावर एका खांबावर बाणाच्या आकाराची पाटी होती. दोन्ही अंगांनी रंगवलेली. 'विश्रामगृह', आणि बाणाचं टोक सरळ डावीकडे!

"ही माझी पाटी आहे," बाबा मान तिरकी करून म्हणाले. "तो 'श्र' बघ. असा 'श्र' दुसरं कोण काढतं? आणि खाली हत्ती आहे ना? आहे ना गं?"

होता. रंग उडालेला, पण चौकटीत नीट बसलेला.

"बाबा, नकाशात उजवीकडे आहे."

"नकाशा कुणी काढला मला माहीत नाही. पाटी मी काढलीय. खात्याचा साहेब समोर उभा होता, एकेक बाण तपासून घेतलाय. माझी पाटी खोटं बोलायची नाही."

एरवी थोरलीनं ऐकलं नसतं. पण कितीतरी दिवसांनी बाबांच्या चेहऱ्यावर तो जुना तोरा आला होता, आणि तो पुसायला तिचा हात धजेना. तिनं जीप डावीकडे घातली.

थोड्याच वेळात रस्ता म्हणावं असं काही उरलं नाही. काटेरी फांद्या काचांवर ओरखडे काढू लागल्या. मागे वळायलाही जागा नव्हती. "पुढे मोकळं असेल, तिथे वळवते," ती म्हणाली. पुढे मोकळं होतंच. कोरडी नदी होती! जीप उतारावरून घरंगळली, वाळूत शिरली, गुरगुरली आणि बसली. चाकं जागच्या जागी फिरून अर्धी आत गेली.

इंजिन बंद झालं तशी शांतता कानात शिरली. सूर्य उतरणीला लागला होता. इथे वाट बघून उपयोग नव्हता, कारण ही वाट कुणाच्या खिजगणतीतच नव्हती.

"उतरायचं नाही म्हणाल्या होत्या," मावशी पुटपुटली.

"न उतरता गाडी निघायची नाही," थोरली म्हणाली आणि उतरली.

आता रडत बसण्यात अर्थ नव्हता. डेपोतले ड्रायव्हर चिखलात काय करतात ते तिनं पाहिलं होतं. तिनं टायरमधली थोडी थोडी हवा सोडली. मावशीनं स्टीलच्या डब्याच्या झाकणानं चाकामागची वाळू उपसायला घेतली. थोरलीनं गाडीतली पायपुसणी काढून चाकांखाली कोंबली. तेवढ्यानं भागणार नव्हतं, वाळक्या फांद्याही हव्या होत्या.

"मी आणतो," बाबा म्हणाले. "त्या तिथे काठाला पडल्यात. कडेनं दिसतात मला."

"लांब जाऊ नका," म्हणेपर्यंत ते निघालेसुद्धा.

"थोरले," मावशी हात थांबवून म्हणाली, "या वाळूत खड्डे कुणी खणले असतील गं? आणि त्यांत पाणी कसं?"

थोरलीनं पाहिलं. जीपपासून थोडं पुढे वाळूत गोल खड्डे होते. प्रत्येकाच्या तळाशी गढूळ पाणी. आणि भोवती ताटाएवढे ठसे!

तिनं मान वर केली. नदीच्या वळणावर हत्ती उभे होते.

कसलाही आवाज न करता आले होते. एक, मग आणखी, मग पायांत घुटमळणारं एक पिल्लू. पुढे होती ती मोठी हत्तीण. तिच्या आणि जीपच्या मधोमध, हातात फांद्यांचा भारा घेऊन, बाबा!

थोरली पुढे झेपावली आणि थांबली. धावत जावं तर हत्तीण बिथरेल. हाक मारावी तर बाबा गोंधळतील. मावशीनं तिचं मनगट धरलं. ती पकड थिएटरमधली होती.

बाबांना समोर फक्त काहीतरी करडं दिसत होतं. खडक असावा! ते त्या दिशेनं आणखी एक पाऊल गेले. खडकानं कान पसरले!

हत्तीण सुटली. धूळ उडाली! जमीन हादरली! सोंड वर, कान ताठ, तोंडातून पत्रा फाटल्यासारखी किंकाळी! बाबांच्या हातातला भारा गळून पडला. पळायचं कुठे? दिसत होतं कुठे? ते जागीच उभे राहिले.

आणि मग त्यांनी काय केलं? तोंड फिरवलं. हत्तीण समोर आलीय म्हटल्यावर ती नीट दिसावी म्हणून त्यांनी सवयीनं नजर बाजूच्या झाडाकडे वळवली!

हत्तीण थबकली. सोंड लांबवली असती तर बाबांच्या खांद्याला लागली असती, इतकी जवळ. तिनं वाळू उधळली, डोकं झटकलं. बाबा झाडाकडे बघत राहिले, मान खाली, हात बाजूला. तिला काय वाटलं ते तिलाच ठाऊक. तिनं एक लांब श्वास सोडला, आणि बाबांचे पांढरे केस त्या वाऱ्यानं उडाले. मग ती हळूच वळली आणि पिल्लाला घेऊन खड्ड्यांकडे गेली.

"मागे या," थोरली अगदी हलक्या आवाजात म्हणाली. "वळू नका. माझ्या आवाजाकडे या. आणखी एक पाऊल. आणखी एक."

बाबा आले. तिनं त्यांना जीपमध्ये ओढलं, दार लावलं आणि त्यांच्या छातीवर डोकं ठेवून ती ढसाढसा रडली.

"पापण्या आहेत गं तिला," बाबा म्हणाले. "एवढ्या लांब. माझ्या एकाही हत्तीला पापण्या नाहीत."

कळप पाणी प्यायला. पिल्लू खड्ड्यात डोकं खाली, पाय वर असं पडलं आणि मावशीला हसू आवरेना. बाबा समोरची काच सोडून खिडकीच्या दांडीकडे बघत होते आणि सगळं पाहत होते.

कळप पलीकडच्या काठावर चढला तेव्हा उजेड पिवळा झाला होता. "आता!" थोरली म्हणाली. फांद्या चाकांखाली गेल्या. बाबा आणि मावशी पुढून रेटू लागले. जीप हलली, पुन्हा बसली! "परत! जोर लावा!" मावशीनं ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरांनाही दिल्या नसतील अशा शिव्या जीपला दिल्या. चाकांनी फांद्या धरल्या. जीप मागे सरकली, उसळली आणि काठावर चढली!

फाट्यावर परतल्यावर थोरलीनं गाडी पाटीजवळ घेतली. खांबावर माणसाच्या डोक्याच्याही वरपर्यंत चिखल वाळला होता, आणि चिखलात तारेसारखे जाड केस अडकले होते. तिनं खिडकीतून हात काढून खांब ढकलला. तो बुडातून सैल झाला होता, सहज फिरला. अंगाची खाज भागवता भागवता हत्तींनी बाण उलटा करून ठेवला होता.

"बघ!" बाबा मांडीवर थाप मारून म्हणाले. "पाटी बरोबरच होती!"

अंधार पडता पडता ते बंगल्यावर पोचले. मग दोन्ही दिवस व्हरांड्यात खुर्च्या टाकून तिघं बसली. समोर नदीचा काठ रिकामा पडला होता. हत्ती सोडा, त्याचं शेपूटही दिसलं नाही. चौकीदार बिचारा ओशाळून गेला. "रोज येतात हो," तो पुनःपुन्हा सांगत होता. बाबा त्याचीच समजूत घालत होते.

निघायच्या दिवशी चौकीदारानं बंगल्यावरच्या फोनवरून पाटीची वर्दी दिल्यामुळे वनरक्षकबाई फाट्यावर आधीच हजर होत्या. उतरलात कशाला म्हणून त्यांनी तिघांना यथेच्छ झापलं. मग बुडात दगड ठासून, सिमेंट ओतून खांब पक्का करून घेतला. बाण उजवीकडे आहे हे थोरलीनं स्वतः तपासलं. बंगल्यात खिडक्यांसाठी ठेवलेला काळा रंग आणि ब्रश बाबांनी मागून आणला होताच. जीपमधून उतरायला या खेपेला बाईंनी परवानगी दिली.

बाबांनी पाटीवरून हात फिरवला, कोपरा चाचपला आणि झाडाकडे बघत ब्रश टेकवला. पाठ आली, कान आले, पाय आले. शेवटी त्यांनी डोळ्यावर बारीक रेघा ओढल्या. पापण्या!

"चौकटीत बसला का?" बाबांनी विचारलं.

थोरलीनं पाहिलं. सोंड चौकट ओलांडून थेट अक्षरांत शिरली होती, एक कान वरच्या कडेबाहेर गेला होता. 'हो' म्हणावंसं वाटलं, पण ती खोटं बोलली नाही.

"नाही, बाबा. बाहेर गेलाय."

"मग बरोबर आला," बाबा म्हणाले आणि त्यांनी ब्रश पुसला.